चाळणीतली तार

बिस्किटांच्या त्या कारखान्यात तपासणीचं काम करणाऱ्या बाईंना सगळे चुंबकबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आत शिरताना केसातल्या पिना, अंगठ्या, बांगड्या, सगळं बाईंच्या ट्रेमध्ये काढून ठेवावं लागे. कुणाचं बोट कापलं तर त्यावर निळीच पट्टी लावायची, कारण निळं पीठ जगात कुठे नसतं. पट्टी गळून कणकेत पडली तर लगेच नजरेत भरते. एकदा तर उत्पादन बघणाऱ्या साहेबांनाच त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, खिशाचं पेन बाहेर ठेवून या म्हणून. साहेब तेव्हा हसले होते, पण ते हसू दातांच्या पलीकडे गेलं नव्हतं.

कामगारांनी या साहेबांचंही बारसं केलं होतं. त्यांना म्हणत उद्यासाहेब. पंखा बंद पडलाय? उद्या बघू. हातमोजे संपलेत? उद्या येतील. आठवड्यापूर्वी बाईंनी लेखी कळवलं होतं की पिठाच्या चाळणीची जाळी चौकटीपाशी सैल झालीय, बदलायला हवी. त्या कागदावर साहेबांनी काय लिहिलं असेल ते सांगायला नकोच.

इथे बनायची ती लहान मुलांची बिस्किटं, दुधात बुडवली की विरघळणारी, नुकते दात येणाऱ्या बाळालाही देता येतील अशी. पोत्यातलं पीठ वरच्या मजल्यावर एका मोठ्या थरथरत्या चाळणीत पडायचं. चाळणीची जाळी बारीक स्टीलच्या तारेची विणलेली. पोत्याचा दोरा, खडा, किडा, काय असेल ते जाळीवर राहायचं आणि पीठ खाली जायचं. पण ज्या जाळीने घाण अडवायची तीच तुटली, तर तिची तार पिठात जाते. म्हणून नियम असा, की पाळी सुरू होताना आणि संपताना जाळी दिव्याखाली धरून बघायची. फाटलेली निघाली, तर मागच्या चांगल्या तपासणीपासूनचा झाडून सगळा माल अडवायचा.

त्या दिवशी सकाळची पाळी संपायला दहा मिनिटं होती. बाई लोखंडी जिना चढून वर गेल्या, जाळी काढायला लावली, दिवा धरला. चौकटीला लागून अंगठा जाईल एवढं भोक होतं. खिशातलं भिंग काढून त्यांनी एकेक तार मोजली. सात तारा तुटल्या होत्या आणि प्रत्येकीचा मधला तुकडा गायब होता. सकाळी साडेसहाला त्यांनी स्वतः हीच जाळी बघितली होती, तेव्हा ती धड होती. म्हणजे आठ तासांच्या मालात कुठेतरी तारेचे सात तुकडे होते. प्रत्येक नखाएवढा, केसाहून जरासा जाड.

भीती दोन मिनिटं टिकली. मग त्यांना आठवला तो आठवड्यापूर्वीचा कागद, आणि जिना उतरेपर्यंत त्यांच्या कानशिलाच्या शिरा ठणकू लागल्या.

त्यांनी आधी पॅकिंगचा पट्टा थांबवला. मग गोदामात जाऊन खोक्यांच्या प्रत्येक थप्पीवर 'अडवलेला माल' अशी लाल चिठ्ठी लावत सुटल्या. अठराशे खोकी. त्या नादात पाळी सुटल्याचा भोंगा झाला, कामगार दारातून बाहेर पडले, आणि एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली नाही. ती पुढे येईलच.

"बाई, हे काय लावलंय?" उद्यासाहेबांनी एका लाल चिठ्ठीला टिचकी मारली.

"साडेसहापासूनचा सगळा माल अडवलाय. जाळी फाटलीय."

"सगळा? अहो, उद्या सकाळी सहाला गाडी सुटतेय!"

"तुम्हाला उद्याची घाई झालेली मी आज पहिल्यांदा बघतेय."

साहेबांचा चेहरा ताठला. "जाळी फाटली म्हणजे तारा मालातच गेल्या असं कुणी सांगितलं? आणि गेल्या असल्या तर खाली धातू पकडणारं यंत्र आहे. ते काय शोभेला ठेवलंय?"

"बारीक तार आडवी आली तर यंत्र ओरडतं. पट्ट्याच्या दिशेने उभी गेली तर गप्प बसतं. हे तुम्हालाही माहीत आहे. प्रशिक्षणात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होतात तुम्ही."

"मग त्या तारा शोधून दाखवल्या तर चालेल ना? किती म्हणालात?"

"सात."

साहेब आपल्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी फिटरला बोलावणं धाडलं.

हा फिटर म्हणजे बाईंचा धाकटा दीर. दोन वर्षांपूर्वी बाईंनीच शब्द टाकून त्याला इथे लावला होता. हाताला कसब होतं, माणूस सरळ होता, पण नोकरी अजून कच्चीच होती. दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात कायम करू' असं ऐकून तो घरी यायचा.

वीस मिनिटांनी तो आला. हातात पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत तारेचे तुकडे.

"चाळणीच्या खालच्या नळीत अडकले होते," तो म्हणाला. रोज कारखान्यातसुद्धा तो त्यांना वहिनी म्हणून हाक मारायचा. आज मारली नाही.

बाईंनी तुकडे पांढऱ्या कागदावर ओतले. मोजून सात. न कमी, न जास्त. सातही सारख्या लांबीचे. टोकं पकडीने चावल्यासारखी चपटी. आणि सगळे सुतासारखे सरळ. जाळी विणलेली असते. तिची तार वर-खाली, वर-खाली करत जाते, तुटून पडली तरी तिच्या अंगातल्या लहरी जात नाहीत. हे तुकडे नव्या गुंडाळीतून कापलेले होते. पोरानेही ओळखलं असतं.

बाईंनी दिराकडे बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"तुम्हाला नक्की नळीत सापडले?"

"हो."

'तारा सापडल्या' असा दिराने लिहून दिलेला अहवाल साहेबांनी पुढे ठेवला. त्यावर बाईंनी सही केली नाही. मोठ्या अक्षरांत 'नामंजूर' लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला.

"राहू द्या," उद्यासाहेब शांतपणे म्हणाले. "तुमचे वरिष्ठ रजेवर आहेत. त्यांच्या जागी माल सोडायची सही मी करू शकतो. नियमाने वागणाऱ्या तुम्ही, एवढा नियम माहीत असेलच. आणि हे बघा, तुमच्या दिराचा कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे. घरचं वाटोळं करून कसली तपासणी करता?"

ज्या माणसाला पेनासाठी दारातून परत पाठवलं होतं त्याला काय बोलायचं ते ऐन वेळी सुचू नये, याचा बाईंना त्याच्या धमकीइतकाच राग आला. त्या तडक उठल्या, ॲप्रन खुंटीला टांगला आणि चालत घरी निघाल्या. बसची वाट बघत उभं राहणंही त्यांना जमलं नसतं.

घरात सासूबाई होत्या, धाकटी जाऊ होती आणि जावेची दीड वर्षाची मुलगी. बाईंचा नवरा मालगाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दीर बाईंच्या आधीच येऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसला होता.

"मी काही ऐकणार नाही," बाई दारातूनच म्हणाल्या. "फक्त एवढंच सांगा, कापताना हात थरथरला नाही का?"

"ताई, झालं काय?" जावेने विचारलं.

"यांनाच विचार."

"वहिनी, मला साहेबांनी सांगितलं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं."

"मग घेऊ द्यायचं होतं दुसऱ्या कुणाकडून! दुसऱ्या कुणाला मी नोकरीला लावलं नव्हतं!"

"हळू बोल गं," सासूबाई म्हणाल्या. "नोकरी सांभाळायची म्हणजे थोडं इकडेतिकडे होतंच. तूही जरा डोळेझाक केलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? दिराच्या पोटावर पाय देऊन तुला काय मिळणार?"

"आई, तार आहे ती! लहान मुलांच्या खाण्यात गेलेली तार!"

"अगं, पण यंत्र आहे म्हणतात ना..."

सासूबाईंचं वाक्य तिथेच राहिलं. कारण एवढ्यात जाऊ मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि मुलीच्या हातात बिस्किट होतं. शेजारी दुधाची वाटी. त्यापलीकडे प्लास्टिकची पिशवी, मोडक्या बिस्किटांनी भरलेली.

मोडकी बिस्किटं खोक्यात जात नसत. पाळी सुटताना ती पिशव्यांत भरून कामगारांना घरी न्यायला देत. फुकटातला खाऊ, सगळ्यांच्या घरी पोरं याच पिशवीची वाट बघत. दीर रोजच्या सवयीने आजही दारातून पिशवी उचलून आला होता.

मुलीने बिस्किट दुधात बुडवलं आणि तोंडाकडे नेलं.

दीर स्टुलावरून असा उठला की स्टूल मागे आडवं झालं. एका ढांगेत त्याने मुलीचा हात धरला आणि बिस्किट हिसकावून मोरीत भिरकावलं. दुधाची वाटी कलंडली. मुलीने भोकाड पसरलं.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" जाऊ ओरडली.

बाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि तोच जास्त भयंकर वाटला.

"का हिसकावलंत, भावजी? तारा तर तुम्हाला सापडल्या ना? मोजून सात? मग खाऊ दे की तिला. घ्या, दुसरं द्या." त्यांनी पिशवी उचलून त्याच्यापुढे धरली. "द्या तुमच्या हाताने. लोकांच्या पोरांना चालतं, तुमच्या पोरीला का चालत नाही?"

त्याने पिशवी घेतली नाही. जावेने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा पिशवीकडे, आणि मग मुलीचं तोंड उघडून आत बोट फिरवून बघायला लागली. जिभेखाली, गालात, हिरड्यांवर. बघता बघता ती रडू लागली, आणि रडता रडता नवऱ्याला नाही नाही ते बोलली. सासूबाई ओट्याला धरून उभ्या होत्या.

आणि तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी अठराशे खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मोडक्या बिस्किटांच्या पिशव्यांवर एकही लावली नव्हती. त्या पिशव्या त्यांच्या नाकासमोरून दाराबाहेर गेल्या होत्या.

"आज किती पिशव्या गेल्या?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस. दारावरच्या वहीत शेवटची मीच लिहिली," दीर म्हणाला. आणि मग, पहिल्यांदाच मान वर करून, "वहिनी, मी मोटारसायकल काढतो."

पॅकिंगवर एक बाई होती, जिला सगळे शिट्टी म्हणत, कारण तिचा आवाज यंत्रांच्या गोंगाटातूनही पार पलीकडे पोचायचा. बाईंनी तिला पहिला फोन लावला आणि तिने पुढच्या दहा जणींना. ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांच्या घरी हे दोघे गेले. दारोदार एकच वाक्य: बिस्किटं खाऊ नका, पिशवी परत द्या. काही घरांत पिशवी तशीच होती. काही घरांत निम्मी संपलेली. एका घरात पोराने रिकामी पिशवी दाखवून आणखी मागितली, आणि बाईंना तिथल्या तिथे भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. वाटेत दीर काहीतरी बोलायला लागला की त्या म्हणायच्या, "आत्ता नको. गाडी चालवा."

सगळ्यात शेवटी ते शिट्टीच्या घरी पोचले. दिवे नुकतेच लागले होते. शिट्टी दारातच उभी होती आणि चक्क कुजबुजत बोलत होती.

"बाई, आत या. आमच्या सासूबाई बघा काय म्हणतायत."

तिची सासू खाटेवर बसली होती, गालाला ओला रुमाल लावून. "चहात बुडवून खाल्लं गं," म्हातारी म्हणाली. "हिरडीत कचकन टोचलं. मला वाटलं, दात घासायच्या ब्रशचा केस असेल. ओढून काढला नि टाकला. रक्त आलं थोडं."

"कुठे टाकलात?"

खाटेखाली, फरशीच्या फटीत, शिट्टीने बॅटरी मारली. बाईंनी गुडघ्यांवर बसून नखाने तो उचलला आणि तळहातावर ठेवला. नखाएवढी तार. एक टोक तिरकं तुटलेलं. आणि अंगात लहरी होत्या, वर-खाली, वर-खाली.

दिराने ती बघितली आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

"उठा," बाई म्हणाल्या. "बसून काय होणार? उद्या सकाळी साडेपाचला दारावर यायचंय. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी ओढून नेणार नाही."

सकाळी कारखान्याच्या दाराशी गाडी लागली होती. गोदामातल्या लाल चिठ्ठ्या रात्रीतून काढलेल्या होत्या; एक तर जमिनीवर बुटाखाली तुडवलेली पडली होती. पण माल अजून खालीच होता. हमालांचं टोळकं हात बांधून उभं होतं. त्यांच्याही घरी पिशव्या गेल्या होत्या. त्यांच्या मुकादमाने उद्यासाहेबांना सांगितलं, "साहेब, या खोक्यांना आम्ही हात लावणार नाही. तुम्ही भरा. वजन काही फार नाही."

"कुणी भडकवलं यांना?" साहेब गरजले.

"मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डबी उघडून पुढे केली. "ही खरी तार. काल संध्याकाळी एका म्हातारीच्या हिरडीतून निघाली."

"कुणाच्या तरी घरातून काहीतरी उचलून आणायचं आणि..."

"जाळीला लावून बघा. वीण जुळते का ते सगळ्यांसमोर बघा. आणि तुमचे ते सात तुकडेही लावून बघा."

"ते फिटरने आणलेत. त्याने लिहून दिलंय!"

"मी खोटं लिहून दिलंय."

दीर मागून पुढे आला. त्याचा आवाज फाटला होता, पण शब्द स्पष्ट होते. "नव्या गुंडाळीतून मी कापले. तुम्ही सांगितलंत, 'सात काप, तुझी वहिनी सातच म्हणालीय.' तुमच्या केबिनमध्ये कापले. तुमच्याच टेबलावर. खाली टोकांचा चुरा अजून पडला असेल."

साहेबांनी केबिनकडे वळून बघितलं. शिट्टी मागून एवढ्या मोठ्याने ओरडली की गाडीचा ड्रायव्हर झोपेतून उठला, "आता उद्या बघू म्हणा की!" पण कुणी हसलं नाही. कुणालाही हसायचं नव्हतं.

साडेसातपर्यंत मालक आले. जाळी, तार, फाटलेला अहवाल, आठवड्यापूर्वीचा कागद, सगळं टेबलावर मांडलेलं होतं. माल दुसऱ्या शहरात क्ष-किरणांच्या यंत्रातून काढायला पाठवला गेला. चार तुकडे चार वेगवेगळ्या खोक्यांत सापडले. एक परत आलेल्या पिशवीत सापडला. एक म्हातारीचा. सातवा कधीच सापडला नाही. सगळा माल दळून नष्ट केला, त्याचे फोटो काढले आणि वर्षभर जे पाहुणे कारखाना बघायला येत त्यांना ते अभिमानाने दाखवले जात.

नवी चाळणी आली. जाळी आता दर दोन तासांनी बघतात. मोडकी बिस्किटं घरी द्यायची बंद झाली, आणि त्यावरून काही कामगार बाईंवर अजून नाराज आहेत.

दिराला काढून टाकलं. खोटा अहवाल दिला, हे कारण. ते कारण खरं होतं, म्हणून बाईंना तोंड उघडता आलं नाही. पण उद्यासाहेबांची बदली झाली ती दुसऱ्या कारखान्यात, याहून मोठ्या. ते पत्र सूचनाफलकावर लागलं त्या दिवशी बाई मालकांच्या खोलीत गेल्या आणि दार न लोटताच म्हणाल्या, "ज्याने तारा कापल्या तो घरी बसला. ज्याने कापायला लावल्या त्याला मोठी खुर्ची. मला एकदा समजावून सांगा हे." मालकांनी पाण्याचा पेला पुढे केला, कारखान्याची अब्रू, भागीदारांचा निर्णय, असं बरंच काही सांगितलं. बाईंनी पाणी घेतलं नाही. त्यांनी त्या दिवशीच नव्या कारखान्यातल्या तपासणी विभागाला पत्र लिहिलं, काय घडलं ते तारीखवार, जाळीचे फोटो जोडून, खाली आपली पूर्ण सही करून. मालकांना त्याची प्रतही दिली. काढायचं तर काढा म्हणाल्या. त्यांनी काढलं नाही.

दीर आता पंप दुरुस्तीच्या एका दुकानात जातो. पगार कमी आहे, हात काळे होतात. जाऊ बाईंशी दोन महिने फक्त कामापुरतं बोलली. मग एकदा भाजी चिरताना म्हणाली, "ताई, मला तुमचा राग येतो. आणि राग आला की ती दुधाची वाटी आठवते. मग काय करावं कळत नाही."

"माझाही गेलेला नाही," बाई म्हणाल्या. "माझ्यावरचा पण नाही. पिशव्या माझ्या नाकासमोरून गेल्या."

कारखान्यात ग्राहकांच्या तक्रारींची टपालपेटी असते. ती उघडायचं काम खरं तर कार्यालयातल्या कारकुनाचं. पण आता सकाळी कामावर आल्यावर बाई आधी तिथे जातात, त्याच्या हातातून किल्ली घेतात आणि प्रत्येक पत्र स्वतः वाचतात, कुणाला काही टोचलं, कुणाच्या तोंडात तार आली असं कुठे लिहिलंय का ते शोधत. बिस्किट मऊ पडलं, पाकीट नीट चिकटलं नव्हतं, साखर जास्त आहे. सगळी वाचून झाली की किल्ली परत देतात आणि जिना चढून वर जाळी बघायला जातात.